अनारसा हसला, नानकटाई पसरली : दिवाळीआधीची प्रश्नोत्तरं

परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला की डब्यातलं पीठ, गूळ, साखर सगळंच ओल धरतं. मग दरवर्षीचंच प्रमाण घेऊनही पदार्थ फसतो आणि दोष जातो प्रमाणाला. या वेळी आलेल्या प्रश्नांतले बरेचसे असेच आहेत.

अनारसे तुपात सोडले की हसतात, विरघळून जाळी जाळी होऊन पसरतात. गूळ कमी करून पाहिला, तर पुढचे दगडासारखे झाले. काय चुकतंय? — वाचक, सेलू

गुळाला हात लावण्याआधी तांदूळ पाहा. अनारशाला जुना, कमी चिकट तांदूळ लागतो. आंबेमोहोर किंवा नवा तांदूळ घेतला की पीठ चिकट होतं आणि पुढे काहीही केलं तरी जमत नाही. जुना कोलम किंवा साधा जाडा तांदूळ घ्या. तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर सावलीत पसरा.

खरी गोम इथे आहे. तांदूळ मुठीत दाबला तर हाताला गार ओलसर लागला पाहिजे, पण दाणे तळव्याला चिकटता कामा नयेत. कोरड्या हवेत एवढ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो, ढगाळ दिवशी दोन तासही लागतात. म्हणून घड्याळ पाहू नका, मूठ पाहा. तांदूळ कडकडीत वाळला की पीठ गूळ सोसत नाही आणि अनारसा कडक होतो. ओला राहिला की गुळाला पाणी सुटतं आणि अनारसा हसतो.

पीठ मैद्याच्या चाळणीने चाळा. वजनाने १ किलो पिठाला पाऊण किलो किसलेला साधा गूळ आणि २ चमचे तूप घ्या. चिक्कीचा गूळ नको, त्याने अनारसा चिवट होतो. घट्ट मळून गोळे करून डब्यात ४-५ दिवस ठेवा. या दिवसांत गूळ पाझरून पीठ सैल होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी कोरडं वाटलं तरी त्यात काही घालू नका.

आधी एकच अनारसा तळून पाहा. हसला तर बाजूला ठेवलेलं तांदळाचं पीठ चमचा-चमचा मिसळा. (दळतानाच वाटीभर पीठ बिनगुळाचं काढून ठेवावं ते यासाठीच.) कडक झाला, जाळी पडली नाही, तर पिकलं केळं कुस्करून अर्धा चमचा लावा किंवा थोडा दुधाचा हात घ्या. तळताना खसखशीची बाजू वर, आच मंद. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. काढल्यावर चाळणीत उभा ठेवा, आडवा ठेवलात तर तूप आतच मुरतं.

बेकरीत भाजून आणलेल्या नानकटाया सपाट झाल्या, तळ काळा आणि वर पांढरं. घरी ओव्हन नाही. कढईत होतील का? — वाचक, अंबाजोगाई

होतील, आणि चांगल्या होतील. पण कढईतही त्या पसरतीलच, कारण पसरण्याचं मूळ तुपात आहे. पातळ तुपात पीठ मळलं की ताटलीत ठेवल्यापासूनच नानकटाई बसायला लागते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात तूप सैलच असतं. तेव्हा तुपाचं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून तूप थिजू द्या आणि मगच फेटायला घ्या.

प्रमाण असं : मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २ मोठे चमचे, पिठीसाखर १२५ ग्रॅम, थिजलेलं तूप १५० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, वेलची-जायफळ. तूप आणि पिठीसाखर हाताने एकाच दिशेला फेटा. पिवळं तूप पांढरं होऊन फुलतं, त्याला १० ते १२ मिनिटं लागतात, हात दुखला तरी मध्ये सोडू नका. साखर जाडसर राहिली तर ती तुपात नीट मिसळत नाही, भाजताना वितळते आणि नानकटाई पसरते. चाळलेली पिठं शेवटी घाला आणि गोळा नुसता एकत्र करा, मळू नका. मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो. गोळे वळून ताटलीत दोन बोटांचं अंतर ठेवा आणि अर्धा तास गार जागी राहू द्या.

जाड बुडाच्या कढईत पाऊण किलो जाडं मीठ पसरा, त्यावर तिवई किंवा वाटी ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवून आच मंद करा. २० ते २५ मिनिटांनी कडा बदामी दिसतात. बोट लावलं तर नानकटाई मऊ लागेल, ती कच्ची समजून पुन्हा आत ठेवू नका. काढून १० मिनिटं ताटलीतच राहू द्या, गार होता होता ती कडक होते. कुकर वापरणार असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा. इथे वाफ कोंडायची नाही, आणि कोरड्या आचेने रिंग कडक होऊन चिरते. एकदा तापवलेलं मीठ स्वयंपाकात घेऊ नका, बरणीत भरून पुढच्या घाण्याला ठेवा.

आता बेकरीचं. भट्टी पावाच्या तापमानाला असताना नानकटाई आत गेली की तळ जळतो आणि वर रंग यायच्या आत पत्रा काढावा लागतो. पाव निघाल्यावर भट्टी उतरते, तेव्हा आपला पत्रा लावायला सांगा. दिवाळीच्या आधल्या दोन दिवसांत तेवढी उसंत कुणालाच नसते, तेव्हा आठवडाभर आधी जा.

भाजणीची चकली पहिल्या दिवशी खुसखुशीत, दुसऱ्या दिवशी मऊ. — वाचक, हिंगोली

आच मोठी होती. वरून रंग आला, आत पाणी राहिलं, ते रात्रीतून बाहेर आलं. चकली तेलात गेली की भरपूर बुडबुडे येतात. ते जवळजवळ थांबेपर्यंत ती मध्यम आचेवर राहिली पाहिजे. रंग पाहून काढू नका, बुडबुडे पाहून काढा. आणि कढईत एका वेळी दाटी नको.

मोहन मोजून घ्या. ४ वाट्या भाजणीला ४ वाट्या पाणी आणि ४ मोठे चमचे तेल. पाण्याला उकळी आली की तेल, तिखट, मीठ, हळद, ओवा, तीळ घालून भाजणी टाका, ढवळून अर्धा तास झाकून ठेवा आणि मग मळा. चकली तेलात तुटत असेल तर मोहन जास्त झालंय. सोऱ्यातून काढतानाच तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

गिरणीवाल्याला आधीच सांगून ठेवा : भाजणी गव्हावर दळायची नाही. जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते. तांदूळ किंवा डाळीचं दळण झालं की त्यावर दळून घ्या. तळायला घाण्याचं करडईचं तेल घेत असाल तर तेही टाळा. फोडणीला ते उत्तमच, पण कढईत लवकर धुरावतं. शेंगदाण्याचं घ्या. मऊ पडलेल्या चकल्या टाकू नका, वरच्या मिठाच्या कढईत मंद आचेवर ८-१० मिनिटं ठेवल्या की सुधारतात.

मुलांबरोबर कामट्यांचा आकाशकंदील करायचा आहे. मागच्या वर्षी सांगाडा पिळवटला आणि कागदाला सुरकुत्या पडल्या. — वाचक, औसा

आपला जुना पारंपरिक कंदील म्हणजे सारख्या लांबीच्या २४ कामट्या. बुरुडाकडे तासलेल्या कामट्या मिळतात. प्रत्येक कामटी २२ सेंमी कापा आणि दोन्ही टोकांना १ सेंमीवर खूण करा. दोरा त्या खुणेवरच बांधायचा, म्हणजे हिशोबाची बाजू २० सेंमी होते.

आधी ४ चौकोन बांधा (१६ कामट्या). ते टोकावर उभे करून, शेजारच्या टोकाला टोक जोडत गोल रिंगण करा. आता वर चार टोकं आणि खाली चार टोकं मोकळी राहतात. वरची चार एकमेकांना ४ कामट्यांनी जोडा, खालची चार उरलेल्या ४ कामट्यांनी. वर एक चौकोन, खाली एक चौकोन आणि मधल्या जागांत आपोआप ८ त्रिकोण तयार होतात.

त्रिकोण कधी वाकडा होत नाही, चौकोन होतो. सांगाडा पिळवटतो तो त्यामुळे. रिंगणातल्या चारही चौकोनांत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून बांधा. दोन्ही दोरे २८ सेंमी भरले पाहिजेत. एक २६ आणि दुसरा ३० भरला तर चौकोनाची शंकरपाळी झाली आहे, ती इथेच सरळ करा. कागद लावल्यावर काही करता येत नाही.

पतंगाच्या कागदाचे चौकोन २३ सेंमीचे कापा, म्हणजे दुमडायला चारही बाजूंनी दीड सेंमी मिळतात. त्रिकोण मात्र २३ चा धरू नका, २५ सेंमी बाजूचा कापा. त्रिकोणाची टोकं निमुळती असतात, त्यामुळे २३ मध्ये कड एक सेंमीही उरत नाही आणि कामटीवर वळत नाही. अडचण बहुतेकांची इथेच होते.

खळ मैद्याचीच करा : वाटीभर पाण्याला २ चमचे मैदा, गुठळ्या मोडून शिजवा आणि गार करा. ती पळीवरून ओघळत असेल तर पातळ आहे, त्या पाण्यानेच कागद फुगतो आणि वाळताना सुरकुततो. खळ कामटीला लावा, कागदाला नको. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा. खालच्या कडेला ४०-५० सेंमी लांबीच्या झिरमिळ्या लावा आणि आत ५ वॅटचा एलईडी दिवा सोडा. जुना तापणारा बल्ब लावू नका.

नव्या पणत्या तेल पितात आणि वाती तडतडतात. — वाचक, परतूर

पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पुसून तासभर वाळवा. मातीची छिद्रं पाण्याने भरली की तेल आत शिरत नाही. तडतडतं ते वातीतलं पाणी किंवा सरकीचा राहिलेला तुकडा. घरच्या कापसाची वात करत असाल तर सरकी बारकाईने काढा आणि कापूस उन्हात ठेवा. शेतातल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं. त्यामुळे तो पाणी चटकन धरत नाही, पण तेल छान ओढतो. तेव्हा औषधाच्या दुकानातल्या कापसाची गरजच नाही.

घरी मोसंबी भरपूर येते. नाताळच्या केकसाठी साली मुरवून ठेवता येतील का? पूर्वी केल्या तेव्हा कडू झाल्या. — वाचक, जालना

आंबिया बहाराच्या मोसंबीचे हेच दिवस, तेव्हा आत्ताच करा. कडूपणा आतल्या पांढऱ्या भागाचा. साली गरम पाण्याने धुऊन चमच्याने तो भाग बराचसा खरवडून टाका आणि बोटभर लांब पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, १० मिनिटं उकळा, पाणी फेका. असं तीन वेळा, दर वेळी नवं पाणी. तुमच्या साली कडू झाल्या त्या बहुधा एकाच पाण्यात शिजवल्याने.

निथळलेल्या सालींचं वजन करा. तेवढीच साखर आणि साखरेच्या निम्मं पाणी घेऊन पाक करा, साली त्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पाऊण तास तरी लागतो. घाई करून आच वाढवलीत तर पाक आटतो, साली तशाच राहतात आणि गार झाल्यावर चामड्यासारख्या लागतात. मग चाळणीवर एक-दोन दिवस पंख्याखाली वाळवा, साखरेत घोळवा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. केकमध्ये घालण्याआधी तुकडे चमचाभर मैद्यात घोळवा, म्हणजे ते तळाशी बसत नाहीत. उरलेल्या पाकाला मोसंबीचा वास असतो. तो गाळून ठेवा, शंकरपाळ्याचं पीठ भिजवताना साखर-दुधाच्या पाकात त्यातला थोडा चालतो, फक्त तेवढी साखर कमी करा.