शेअर सर्टिफिकेटवर नाव आहे, म्हणून फ्लॅट त्याचा झाला का?

प्रश्न : धनकवडीतल्या 1998 सालच्या इमारतीत 58 लाखांना फ्लॅट ठरतोय. मूळ मालक मृत्युपत्र न करता वारले. मुलगा नॉमिनी होता, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं. आई आहे, दोन विवाहित बहिणी आहेत. एक अमेरिकेत असते. वडिलांचा मूळ करारनामा हरवला म्हणतात. मुलगा उद्याच दोन लाख टोकन मागतोय. द्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : उद्या तर मुळीच देऊ नका. नॉमिनीच्या नावावर शेअर चढवणं हे सोसायटीच्या दप्तरापुरतं काम आहे, त्याने वारसांचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगा आणि दोन्ही मुलींचा प्रत्येकी चौथा हिस्सा आहे. मुलींची लग्नं झाली म्हणून त्यात फरक पडत नाही. वारलेल्या मालकांची आई हयात असेल तर तीही वारस, आणि मग हिस्से पाच.

तेव्हा एक तर बाकीच्यांनी मुलाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवावं, नाहीतर करारनाम्यात सगळ्यांनी 'लिहून देणार' (म्हणजे विकणारे) म्हणून सह्या कराव्यात. आम्ही दुसरा मार्ग सुचवू, कारण त्यात प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याचा चेक जातो आणि पुढे कुणी 'मला काही मिळालंच नाही' म्हणत नाही. नोटरीपुढचं संमतीपत्र चालणार नाही, मुलगा कितीही सांगो. अमेरिकेतल्या बहिणीला यायला जमत नसेल तर तिचं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावं लागेल. त्यात फ्लॅटचा पूर्ण तपशील आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं.

खरी काळजी मूळ करारनाम्याची आहे. तो हरवलेला असेलही, पण कर्जासाठी कुणाकडे ठेवलेलाही असू शकतो. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना दुय्यम निबंधकाकडे देणं महाराष्ट्रात 2013 पासून सक्तीचं झालं. त्याआधीचं कर्ज सर्च रिपोर्टमध्ये (दुय्यम निबंधकाकडच्या जुन्या नोंदी तपासून वकील देतो त्या अहवालात) दिसेलच असं नाही, म्हणून 30 वर्षांचा सर्च स्वच्छ आला तरी तेवढ्यावर थांबू नका. सेर्साई, म्हणजे तारण ठेवलेल्या मालमत्तांची देशभरची नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था, तिच्या नोंदवहीत फ्लॅटचा शोध घ्या. सोसायटीकडून फ्लॅटवर कोणत्याही बँकेचा बोजा नोंदलेला नाही असं पत्र घ्या. आणि शेअर सर्टिफिकेटही मूळच पाहा. तेही झेरॉक्सच दाखवत असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग पोलिसांकडे हरवल्याची नोंद, दुय्यम निबंधकाकडून करारनाम्याची प्रमाणित प्रत आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस. नोटीस तुमच्या वकिलाच्या नावाने द्या, म्हणजे हरकत थेट तुमच्याकडे येईल. तीत वारलेल्या मालकांचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि हरवलेल्या दस्ताचा नोंदणी क्रमांक हवाच. नुसतं 'धनकवडी येथील मिळकत' असं छापलं तर बँकेला तिचं कर्ज ओळखू येणार नाही. हरकतीसाठी 15 दिवस द्या. टोकन त्यानंतर, तेही चेकने, आणि हक्क निर्वेध न निघाल्यास पूर्ण परत मिळेल असं लिहून घेऊन.

खर्चाचं म्हणाल तर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4,06,000 रुपये, वर नोंदणी फी 30,000. रेडीरेकनरची (सरकारी दरांनुसार येणारी) किंमत 58 लाखांपेक्षा जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर. खरेदी फक्त स्त्रीच्या नावाने असेल तर एक टक्का सवलत आहे. सोसायटीला हस्तांतर शुल्क 25,000 च्या वर घेता येत नाही, देणगीच्या नावाखालीसुद्धा.

व्यवहार 50 लाखांच्या वरचा आहे, त्यामुळे भारतातल्या वारसांच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा भरा. अमेरिकेतली बहीण करासाठी अनिवासी असेल तर तिला हा एक टक्का लागू नाही. तिच्या हिश्श्यावर भांडवली नफ्याच्या दराने कर कापावा लागतो, तोही नफ्यावर नव्हे, तिला देण्याच्या पूर्ण रकमेवर. कमी कपात हवी असेल तर तिने आयकर खात्याकडून तसा दाखला करारनाम्याच्या आधी आणावा. कपात चुकली तर वसुली खरेदीदाराकडून, म्हणजे तुमच्याकडून होते.