ग्लो प्लग : खोलण्याआधी मोजा

थंडीचे दिवस आले की डिझेल गाड्यांच्या प्रश्नांत एक विषय हमखास असतो : ग्लो प्लग, म्हणजे गॅरेजातला ‘हीटर प्लग’. या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांत गाडीचं नुकसान थंडीपेक्षा घाईमुळे जास्त झालेलं दिसतं, म्हणून मोजमापाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. सुरू झाल्यावर इंजिन थरथरतं, पांढरा धूर येतो. दोन-तीन मिनिटांत सगळं ठीक होतं आणि मग दिवसभर गाडी एका सेल्फमध्ये उचलते. ग्लो प्लगच गेले असतील ना?

लक्षणं तरी तीच आहेत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंजिन गार असलं की ही उष्णता सिलिंडरच्या भिंती आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) शोषून घेतात. ती तूट ग्लो प्लगचं तापलेलं टोक भरून काढतं. एखाद्या सिलिंडरचा प्लग मेला की तिथलं डिझेल न जळता बाहेर पडतं, तोच तुमचा पांढरा धूर. इंजिन तापलं की त्या सिलिंडरला मदत लागत नाही, म्हणून त्रास थांबतो.

पण आधी बॅटरी बघा. सेल्फ मंद फिरत असेल तर हवा पुरेशी तापतच नाही, मग प्लग कितीही चांगले असोत. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थची वायर यांच्याकडे आधी वळा. आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर टिकत असेल, कूलंट कमी होत असेल, तर तो हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय आहे. ग्लो प्लगचा नाही.

प्रश्न : प्लग बाहेर न काढता तपासता येतात का? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे.

येतात, आणि तसेच तपासावेत. चावी बंद करा, इंजिन गार असू द्या. प्रत्येक प्लगच्या डोक्यावरची वायर काढा. जुन्या इंजिनात चारही प्लग एका धातूच्या पट्टीने जोडलेले असतात, ती पट्टी पूर्ण काढा. हे टाळलंत तर सगळे प्लग समांतर जोडलेले राहतात आणि मीटर चौघांचा मिळून आकडा दाखवतो. मेलेला प्लग बाकी तिघांच्या आड लपतो.

मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा. आधी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा. ०.२ किंवा ०.३ असं काहीतरी दिसेल. तो वायरींचा स्वतःचा रोध आहे, पुढच्या प्रत्येक आकड्यातून तेवढा वजा करायचा. इथे एक ओहमच्या आसपासच सगळा खेळ चालतो, त्यामुळे ही वजाबाकी विसरली की निष्कर्ष चुकतो. आता एक टोक प्लगच्या टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. जुन्या धातूच्या प्लगांत साधारण अर्धा ते दीड ओहम येतो, नव्या कमी व्होल्टेजच्या प्लगांत त्याहून कमी. मीटर शून्य न दाखवता रेंजबाहेर (‘OL’ किंवा नुसता ‘1’) गेला, म्हणजे आतली कॉइल तुटली. एका आकड्यावर जाऊ नका, चौघांची तुलना करा, तिघं ०.७ आणि एक २.५ असेल तर तो एक संपत आलाय.

एवढं मात्र लक्षात ठेवा : रोध बरोबर आला म्हणजे कॉइल शाबूत आहे, इतकंच कळतं. टोक किती तापतंय ते कळत नाही. त्यासाठी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर उत्तम. तो मुख्य वायरभोवती लावून चावी फिरवली की करंट आधी उसळतो आणि काही सेकंदांत खाली येतो, कारण प्लगमधल्या नियंत्रक कॉइलचा रोध तापमानाबरोबर वाढतो. चारऐवजी तीनच प्लग चालू असतील तर एकूण करंट पाव हिश्शाने कमी दिसतो.

प्रश्न : चारही प्लग नवे टाकले तरी त्रास तसाच. डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा दिवा लागतो आणि विझतोही. आता काय?

खर्च करण्याआधी एक मोजमाप व्हायला हवं होतं : प्लगपर्यंत वीज पोचते का? तो दिवा कंट्रोलर (प्लगांची वीज चालू-बंद करणारा बॉक्स) लावतो. प्लग तापल्याचा तो पुरावा नव्हे.

गार इंजिनावर कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि पट्टीवर टेस्ट लॅम्प लावा. टेस्ट लॅम्प पेटला नाही तर मोठा फ्यूज, रिले आणि पट्टीचे गंजलेले नट बघा. कूलंटचा तापमान सेन्सर तर अनेकदा विसरला जातो. इंजिन गरम आहे अशी खोटी माहिती त्याने दिली की कंट्रोलर प्लगांना वीजच देत नाही. नव्या गाडीत स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी ०३८० हा कोड ग्लो प्लगच्या सर्किटचा, पी ०६७१ ते पी ०६७४ हे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या प्लगचे.

प्रश्न : काढलेला प्लग बॅटरीला जोडून लाल होतो का ते बघितलं तर चालेल?

आधी प्लगवर छापलेलं व्होल्टेज वाचा. ११ किंवा १२ व्होल्टचा जुना धातूचा प्लग असेल तर चालेल. तो व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरा, हाताने नाही. टोक ८५० अंशांच्या पुढे जातं. लाली टोकापासून सुरू व्हायला हवी. मधूनच आधी लाल होणारा प्लग टाकून द्या, त्याचा रोध कितीही चांगला आला असला तरी.

४.४, ५ किंवा ७ व्होल्टचा प्लग मात्र थेट बॅटरीला कधीही जोडू नका. काही सेकंदांत जळेल. सिरॅमिक प्लग तर हातातून निसटून जमिनीवर पडला तरी वापरू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेपाशी तो पुढे तुटून तुकडा सिलिंडरमध्ये पडू शकतो.

प्रश्न : एक प्लग अजिबात हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, जोर लावतो, तुटला तर हेड उतरवू. लावू द्यावा का जोर?

नको. हे उत्तर मी अगदी कळकळीने देतोय. प्लगचं अंग बारीक असतं आणि खालच्या भागाभोवती कार्बन बसून तो हेडमध्ये धरला जातो. वरचं डोकं फिरतं, खालचं टोक अडकतं, आणि प्लग मधूनच पिळून तुटतो. ८ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला सुमारे २० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरच्या प्लगला सुमारे ३५, याच्या पुढे खोलताना जायचं नाही. लांब दांड्याच्या पान्ह्याने हा जोर कधी ओलांडला ते हाताला कळतही नाही. टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) हवाच, आणि इम्पॅक्ट गन तर दूरच ठेवायची.

आधी हवेच्या झोताने प्लगभोवतीचा खळगा साफ करा, नाहीतर कचरा थेट सिलिंडरमध्ये जाईल. मग गंज सोडवणारं तेल सोडा आणि दोन-तीन दिवस अधूनमधून सोडत राहा. मधल्या काळात गाडी चालवा, तापणं-गार होणं याने तेल आट्यांत उतरतं. खोलायचा प्रयत्न इंजिन पूर्ण गरम असताना करा. थोडा हलला की ओढत सुटू नका. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा तेल. मर्यादेपर्यंत जाऊनही हलला नाही तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुटलाच तर ड्रिलचा खास संच असलेला कारागीर शोधा. बऱ्याचदा हेड न उतरवता काम होतं.

प्लग निघाला की भोकातला कार्बन रीमरने (भोक खरवडणाऱ्या हत्याराने) काढा. रीमरच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कार्बन त्याला चिकटून वर येतो. ही पायरी गाळली तर नवा प्लग नीट बसत नाही आणि पुढच्या वेळी आणखी घट्ट अडकतो. नवा प्लग आधी हातानेच आट्यांत बसवा, मग टॉर्क रेंचने : ८ मिलिमीटरला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, १० मिलिमीटरला १५ च्या आसपास. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

प्रश्न : एकच गेला असेल तर एकच बदलू का?

सगळे एकाच वयाचे असतील तर सगळे बदला. पण काढलेल्या प्लगचं टोक वितळलेलं किंवा झिजलेलं दिसलं, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासल्याशिवाय नवा प्लग घालू नका. फवारा बिघडलेला असेल तर नवाही तसाच जळेल.

प्रश्न : तोवर स्टार्टिंग स्प्रे मारून काम चालवलं तर?

ग्लो प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या वाटेने ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या टोकावर तो वेळेआधीच भडकतो, पिस्टन वर येत असतानाच. त्यात पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा. डॅशबोर्डवरचा दिवा विझल्यावर सेल्फ न मारता चावी बंद करून पुन्हा फिरवा, दिवा परत विझू द्या आणि मग सेल्फ मारा. एक-दोन प्लग चालू असतील तर दुरुस्तीपर्यंत बऱ्याच गाड्या यावर निभावतात.