रोमहून ओर्विएतो एका दिवसात, आई-बाबांना घेऊन जमेल का?

तुम्ही लिहिलंय की रोमला मुक्काम आहे, एक दिवस मोकळा आहे, डोंगरावरचं जुनं गाव बघायचंय पण बाबांचे गुडघे दुखतात. ओर्विएतो जमेल, अगदी आरामात जमेल, फक्त परतीची ट्रेन दुपारची घेऊ नका, संध्याकाळची घ्या.

रोमा तेर्मिनीहून रिजनल ट्रेनने सव्वा-दीड तास लागतो. स्टेशन खाली आहे आणि गाव वर, ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या तुफा दगडाच्या सरळसोट कड्यावर, पण चढायची गरजच नाही, स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर (केबलने ओढली जाणारी छोटी डोंगरी रेल्वे) सुटते, दोन-तीन मिनिटांत वर पोचवते आणि तिथून पुढे कॅथेड्रलपर्यंत छोटी बस मिळते.

फ्युनिक्युलर जिथे सोडते तिथेच सान पात्रिझिओची विहीर आहे. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला, आणि गावाला वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्याने वास्तुविशारद अंतोनिओ दा सांगालोकडून ही खोदून घेतली. खोली 53 मीटरच्या आसपास, आणि गंमत म्हणजे तिला दोन गोल जिने आहेत, एकमेकांना कुठेही न छेदणारे, पाणी आणायला खेचरं एका जिन्याने उतरायची, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जायची आणि दुसऱ्याने वर यायची, म्हणजे समोरासमोर अडकायचा प्रश्नच नाही. काम 1537 मध्ये संपलं, तोवर क्लेमेंट वारलेला होता. पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत पण 248 आहेत, जेवढ्या उतराल तेवढ्याच चढायच्या, त्यामुळे बाबांना बाजूच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बसवा, तिथून खालची दरी छान दिसते, त्यांना कंटाळा येणार नाही.

आता संध्याकाळची ट्रेन का, तर कॅथेड्रलसाठी. 1290 मध्ये बांधायला घेतलं, आणि त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर ऊन थेट सोनेरी मोझॅइकवर येतं. खाली दारांच्या बाजूचे कोरीव खांब नीट बघा, डावीकडून सुरुवात करा, आदमच्या बरगडीतून ईव्ह निघते तिथपासून उजवीकडे जगाच्या अंती होणाऱ्या शेवटच्या न्यायापर्यंत बायबलमधली अख्खी गोष्ट दगडात आहे.

आत सान ब्रिझिओ चॅपल चुकवू नका प्लीज. लुका सिन्योरेल्लीने 1499 पासून पुढे रंगवलंय. एका भिंतीवर मेलेली माणसं जमिनीतून हात टेकून टेकून वर येतायत, काही नुसते सांगाडे, काहींच्या अंगावर मांस चढलेलं. दुसऱ्या भिंतीवर ख्रिस्तासारखा दिसणारा माणूस उपदेश करतोय आणि सैतान मागून त्याच्या कानात कुजबुजतोय, त्याच चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत दोघं उभे आहेत, एक स्वतः सिन्योरेल्ली आणि दुसरा चित्रकार फ्रा अँजेलिको, ज्याने या चॅपलचं छत रंगवायला आधी सुरुवात केली होती. इथे निवांत वेळ द्या, बाबांना बसूनही बघता येईल.

जमिनीखालच्या गुहांची गाईडेड टूर असते, कबुतरं पाळायला भिंतीत कोरलेले कप्पे वगैरे, पण तिथे पुन्हा पायऱ्या आहेत, गुडघे बघता ती मी वगळेन. जेवायला उम्ब्रिकेल्ली घ्या, जाडसर हाताने वळलेला पास्ता, शाकाहारी असाल तर टोमॅटो किंवा ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी) सॉस सांगा. आणि शेवटची फ्युनिक्युलर किती वाजता आहे ते सकाळी वर जातानाच बघून ठेवा.