फिरतीच्या नोकरीसाठी पाच-सहा हजारांत टिकाऊ ब्लेझर कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की नवी नोकरी आहे, महिन्यातले आठ-दहा दिवस फिरती, बहुतेक प्रवास रेल्वे आणि बसचा, आणि पाच-सहा हजारांत एकच ब्लेझर घ्यायचाय जो दरवेळी इस्त्रीला टाकावा लागणार नाही. मी चौदा वर्षं पंपांच्या विक्रीत आहे. रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरून तोंड धुवायचं आणि तसंच मीटिंगला जायचं, असं महिन्यातून दोन-तीनदा होतंच. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

आधी उत्तर देतो: टेरीवूल घ्या. म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर यांचं मिश्रण, साधारण ५५ टक्के आणि ४५ टक्के. रंग नेव्ही ब्लू, अस्तर अर्धं, आणि खांदा अंगाला बरोबर बसलेला. ब्रँडचा विचार याच्यानंतर.

माझा पहिला ब्लेझर लिननचा होता. दुकानात आरशासमोर फार देखणा दिसला आणि हलकाही होता. पहिल्याच प्रवासात बर्थच्या हुकाला टांगून ठेवला, पहाटे गार वाटलं म्हणून अंगात घातला आणि तासभर टेकून बसलो. उतरलो तेव्हा पाठीवर आणि कोपरांच्या आत अशा कडक घड्या पडल्या होत्या की हाताने कितीही ताणल्या तरी हलेनात. लिननचा धागा एकदा मोडला की इस्त्रीशिवाय सरळ होत नाही. सुती कापडाचंही थोड्याफार फरकाने तेच. लोकरीचा तंतू मात्र मुळातच कुरळा आणि लवचिक असतो, दाबला तरी पुन्हा मूळ आकाराला येतो. त्यात पॉलिएस्टर मिसळलं की कापड घासायला चिवट होतं आणि किंमतही आवाक्यात येते.

दुकानदार बहुतेक वेळा टेरी-रेयॉन दाखवतील, म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोस. राजस्थानातल्या भिलवाड्याच्या गिरण्यांमधून हे कापड देशभर जातं आणि टेरीवूलपेक्षा स्वस्त मिळतं. वर्षातून चार लग्नांना घालायचं असेल तर त्यात काही वाईट नाही. पण बॅगेचा पट्टा रोज खांद्यावर घासणार असेल तर तिथे गोळे येतात, आणि कोपरं लवकर चकाकायला लागतात. तुमच्या कामाला मी ते घेऊ देणार नाही.

टेरीवूल म्हणून दुसरंच काही गळ्यात पडू नये यासाठी दोन गोष्टी करा. ठाणातलं कापड असेल तर त्याच्या किनारीवर मिश्रण छापलेलं असतं, ते वाचा. नसेल तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मिश्रणात वासही येतो आणि मणीही उरतो. नुसता मणी राहिला आणि केस जळल्याचा वास आलाच नाही, तर त्यात लोकर नाही. महाद्वार रोडवरच्या एका दुकानदाराने मला हे स्वतः करून दाखवलं होतं, तेव्हापासून धागा मागायला मी कधी संकोच केला नाही.

दुसरी परीक्षा मुठीची. कापडाचं किंवा तयार ब्लेझरच्या बाहीचं टोक मुठीत घट्ट आवळा, वीसपर्यंत आकडे मोजा आणि सोडा. अर्ध्या मिनिटात घड्या विरल्या तर प्रवासात निभावेल. रेषा तशाच राहिल्या तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तो ब्लेझर परत ठेवा.

लेबलवर ‘सुपर १२०’ वगैरे दिसलं तर त्याला भुलू नका. हा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० म्हणजे सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंतचा तंतू, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंतचा. आकडा वाढेल तसं कापड मऊ आणि तलम होतं, पण नाजूकही होतं. ओव्हरहेड रॅकमध्ये कोंबायच्या कपड्याला तलमपणा काय कामाचा?

अस्तराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिकडे कुणी बघतच नाही. स्वस्तातल्या ब्लेझरला आतून संपूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर असतं. मुंबईच्या दमट हवेत ते घामाने पाठीला चिकटतं, आणि मग लोक ब्लेझरला दोष देतात. अर्धं अस्तर, म्हणजे खांदे, बाह्या आणि पाठीचा वरचा भाग एवढंच, बाकी पाठ मोकळी. हवा खेळते आणि वजनही कमी होतं. मात्र आतल्या शिवणी उघड्या दिसतात, त्यामुळे त्यांच्या कडा पट्टीने नीट बांधल्यात का ते तपासा. सुटे धागे लोंबत असतील तर तो ब्लेझर दोन वर्षंही काढणार नाही. आतल्या खिशांपैकी निदान एकाला बटण किंवा चेन असावी, स्लीपर कोचमध्ये मोबाइल आणि पाकीट तिथेच राहतं.

आता शिवून घ्यायचा की तयार? तुमच्या बजेटमध्ये मी शिवून घ्यायच्या बाजूचा आहे. माझा सध्याचा ब्लेझर असा झाला: ५८ इंच पन्ह्याचं दोन मीटर टेरीवूल, नऊशे रुपये मीटरने, आणि शिलाई साडेतीन हजार. हे काही वर्षांपूर्वीचे दर आहेत, आज थोडे वाढलेले धरा. शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांगा: कच्ची ट्रायल हवी, बाह्या आणि बाजूच्या शिवणींत इंचभर माया, म्हणजे आतलं जास्तीचं कापड, सोडा, आणि उरलेलं कापड परत द्या. ट्रायलला दोन्ही हात पुढे करून जणू गाडी चालवताय असं बसा. पाठीत ताण आला किंवा मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, रुतलं तर तिथल्या तिथे बोला.

तयार घेणार असाल तर सगळ्यात आधी खांदा बघा. खांद्याची शिवण तुमचा खांदा संपतो तिथेच संपायला हवी. कंबर आत घेता येते, बाही कमी करता येते, पण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे ब्लेझर जवळजवळ उसवून पुन्हा शिवण्यासारखंच काम. शिवाय या किमतीत छातीचं आतलं बकरम, म्हणजे आकार धरणारं कडक कापड, गोंदाने चिकटवलेलं असतं. माझा एक तयार ब्लेझर लाँड्रीने पाण्यात धुतला आणि छातीवर फुगे आले, ते पुन्हा बसले नाहीत. म्हणून तो धुवायला नाही, ड्रायक्लीनला टाका, तेही वर्षातून दोन-तीनदाच. मधल्या काळात मऊ ब्रशने धूळ झटकली आणि रात्रभर रुंद हँगरवर वाऱ्याला टांगला की भागतं.

काळा रंग टाळा. त्यावर प्रत्येक तूस दिसतं आणि उन्हात तो लवकर विटका वाटायला लागतो. नेव्ही ब्लू खाकी पँटवरही जातो आणि राखाडीवरही.

बॅगेत ठेवताना एक खांदा पूर्ण उलटा करा, म्हणजे अस्तर बाहेर येईल, आणि दुसरा खांदा त्यात घाला. मग उभी घडी घालून मध्ये एखादा टी-शर्ट ठेवा आणि सैल गुंडाळा. लॉजवर पोहोचल्यावर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावायचं आणि वाफेत पंधरा मिनिटं टांगून ठेवायचा. उरलेल्या घड्या तिथेच जातात. इस्त्री करायचीच झाली तर वर ओलसर फडकं ठेवून, नाहीतर कापडावर चकाकी येते आणि ती कायमची राहते.

पावसाळ्यात ब्लेझर कपाटात बंद करून विसरू नका. लोकरीला कसर लागते. मी खिशात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतो आणि पंधरा दिवसांनी बाहेर काढून झटकतो.

या ब्लेझरचं आता सातवं वर्ष चालू आहे. गेल्या हिवाळ्यात उजवं कोपर विरलं, तेव्हा शिंप्याने परत दिलेल्या त्याच कापडातले धागे काढून रफूवाल्याने शंभर रुपयांत ते भरून दिलं. आता कुठे भरलंय ते मलाही बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही.