‘पूर्वग्रह’ की ‘पासंग’?

यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, एकाच उपचारावरील अनेक अभ्यास एकत्र पडताळताना येणाऱ्या ‘रिस्क ऑफ बायस’ला ‘पूर्वग्रहाचा धोका’ म्हणावे का.

ताई, माझ्या मते म्हणू नये. पूर्वग्रह माणसाच्या मनात असतो. बायस अभ्यासाच्या रचनेत असतो, आणि संशोधक कितीही निर्मळ मनाचा असला तरी तो शिरू शकतो. पुढच्या रुग्णाला औषध मिळणार की नाही हे आधीच कळत असेल, किंवा मध्येच सोडून गेलेल्यांना गणतीतून वगळले असेल, तर निष्कर्ष एका बाजूला झुकतो.

यासाठी आपल्याकडे शब्द आहे: पासंग. पारडी रिकामी असतानाच तराजू एकीकडे कलत असेल, तर त्याला पासंग आहे असे कापूस विकणारा शेतकरी म्हणतो. हात हलल्याने होणारी चूक कधी जास्त, कधी कमी असते आणि दहा वेळा मोजले की बरीचशी विरते. पासंग मात्र दहाही वेळा एकाच बाजूला पडतो. म्हणूनच सदोष अभ्यासांची बेरीज केली, तर उत्तर अधिक नेमके दिसते, पण अधिक खरे होत नाही.

‘धोका’ऐवजीही मी ‘शक्यता’ लिहीन, कारण येथे इजेचा प्रश्न नाही.

अभ्यासाची ‘गुणवत्ता’ हा शब्दही जपून वापरावा. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाच्या १७ चाचण्यांना गुण देण्याच्या २५ वेगवेगळ्या पट्ट्या लावून पाहिल्यावर, पट्टी बदलली की ‘चांगल्या’ ठरलेल्या चाचण्यांचा निष्कर्षही बदलतो, असे १९९९ मध्ये दिसले. वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीत त्यामुळे गुणांची बेरीज नाही. पाच बाजू तपासून पासंगाची शक्यता कमी, काहीशी शंकास्पद किंवा जास्त, एवढेच ठरवतात.

गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सेविका कोणाच्या घरी जाते हे झाकणे शक्यच नव्हते. तेथे पूर्वग्रह कोणाच्या माथी मारणार? बाळाचा मृत्यू ही मोजणाऱ्याच्या मतावर फारशी न अवलंबणारी गोष्ट असल्याने त्या बाजूने पासंग थोडाच पडतो. सेवा कोणत्या गावांना द्यायची आणि तुलनेसाठी कोणती ठेवायची, ही वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, ती बाजू मात्र वेगळी तपासावी लागते.