नॅनो, सूक्ष्म की अब्जांश?

नागपूरच्या एका सिस्टर ताईंनी विचारलंय: भाजलेल्या रुग्णांना घरी द्यायच्या माहितीपत्रकात 'नॅनो सिल्व्हर ड्रेसिंग'ला 'सूक्ष्म चांदीची पट्टी' म्हटलं तर चालेल का?

ताई, 'सूक्ष्म' नको. तो शब्द 'मायक्रो'च्या जागी कधीचाच रुळलाय: सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मजीव. जखमेत शिरणारा जिवाणूच साधारण हजार नॅनोमीटरचा असतो आणि या पट्टीतला चांदीचा कण त्याहून कितीतरी लहान. दोघांनाही सूक्ष्म म्हणून कसं भागेल? नेमका शब्द आहे 'अब्जांश'. मीटरचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'खुजा'. आपला शब्द थेट मापच सांगतो, याचं मला फार अप्रूप आहे. अंदाज हवा असेल तर नॅनोमीटर संत्र्याएवढा फुगवून बघा. त्या हिशेबानं डोक्याचा केस साडेपाच किलोमीटर जाड होईल. तुमच्या नागपूरच्या झिरो माइलवरून निघालात तर वर्धा रोडला अजनी मागे पडेल!

तरी पत्रकात पट्टीचं नाव 'नॅनो'च ठेवा. खोक्यावर तेच छापलेलं असतं, दुकानात तेच मागायचं असतं. शिवाय अशा नावातला एकेक शब्द कामाचा असतो. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांना 'लायपोसोमल' अँफोटेरिसिन दिलं जायचं, आठवतं ना? तेही नॅनो औषधच. शंभर नॅनोमीटरहून लहान स्निग्ध थेंबुल्यांत भरलेलं. त्याचा डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, साध्या अँफोटेरिसिनचा 1 च्या आसपास. कुपीवरचा 'लायपोसोमल' वाचायचा राहिला आणि साधं औषध त्या डोसनं गेलं, तर जिवावर बेतेल.

मराठी खर्च करायची ती कृती सांगताना. कण जितका बारीक तितका वजनाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून पैंजणातली चांदी जे करत नाही ते, म्हणजे जंतू मारायचं काम, ही पट्टी करते. पण सलाईनमधल्या मिठाशी चांदीचं संयुग बनतं आणि गुण घटतो. म्हणून मी असं लिहीन:

'ही नॅनो चांदीची पट्टी आहे. हिच्यातली चांदी हळूहळू सुटून जंतू मारते. पट्टी ओली करायला सिस्टरांनी दिलेलं निर्जंतुक पाणीच वापरा. सलाईन किंवा मिठाचं पाणी वापरू नका, तेल-मलमही लावू नका.'