कंट्रोल-एस दाबताच पडदा का थिजतो?

प्रश्न : लातूरच्या आडत बाजारातील सोयाबीन आणि तुरीच्या भावांच्या रोजच्या नोंदी मी दूरच्या सर्व्हरवर, टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून संगणक चालवायच्या खिडकीत) विम हा मजकूर-संपादक उघडून ठेवतो. सवयीने कंट्रोल-एस दाबले की पडदा थिजतो, कंट्रोल-शिफ्ट-एसला जोडलेली माझी आज्ञा चालत नाही, आणि मराठी कळफलक चालू असला तर विमच्या आज्ञाच लागू होत नाहीत. विम बिघडले आहे काय?
– एक वाचक, औसा

उत्तर : विम बिघडलेले नाही. पडदा थिजल्यावर घाबरून खिडकी बंद करू नका, कारण जतन न झालेला मजकूर त्यानेच धोक्यात येतो. कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे पडदा पुन्हा चालू होईल.

कोणती कळ दाबली हे टर्मिनल संपादकाला सांगत नाही, ते केवळ अंक पाठवते. अक्षरांना अंक देणाऱ्या, १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतानुसार कंट्रोलसह दाबलेल्या अक्षराचा अंक १ ते २६ यांपैकी एक असतो आणि एसच्या वाट्याला १९ येतो. हाच अंक टेलिटाइप यंत्रांच्या, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रांच्या काळात समोरच्याला ‘थांबा’ असे सांगण्यासाठी, तर क्यूचा १७ ‘पुढे पाठवा’ असे सांगण्यासाठी वापरला जाई. लिनक्समधील टर्मिनलची व्यवस्था ‘थांबा’चा तो संकेत अजून पाळते, म्हणून विमच्या जुन्या आवृत्त्यांत तुमचा १९ विमपर्यंत पोचण्याआधीच वाटेत अडतो. टर्मिनलची वागणूक ठरवणाऱ्या ‘एसटीटीवाय’ या आज्ञेला ‘-आयएक्सऑन’ हा पर्याय दिला की हा अडथळा दूर होतो. मात्र ती ओळ आपल्या घरच्या संगणकावर नव्हे, तर सर्व्हरवरील ‘.बॅशआरसी’ या, टर्मिनल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहावी, कारण अडवणूक तेथे होते. त्यानंतरही कंट्रोल-एसला जतनाची आज्ञा विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतः जोडावी लागेल.

शिफ्टची अडचण याच अंकांतून येते. १९ मध्ये शिफ्टची नोंद ठेवायला जागाच नसल्यामुळे बहुतेक टर्मिनलांत दोन्ही जोड्या विमला सारख्याच दिसतात. त्याच कारणाने कंट्रोल-आय आणि टॅब, तसेच कंट्रोल-एम आणि एंटर हेही एकच ठरतात. ती आज्ञा एखाद्या एफ-कळीला जोडणे मला अधिक भरवशाचे वाटते.

मराठी कळफलकाचा प्रश्न आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांना रोज भेडसावतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात ‘के’च्या कळीवर ‘क’, ‘जे’वर ‘र’ आणि अपूर्णविरामाच्या, म्हणजे कोलनच्या कळीवर ‘छ’ उमटतो, आणि विमला तीच अक्षरे मिळतात. विमच्या ‘लँगमॅप’ या पर्यायात ‘क’ म्हणजे ‘के’, ‘र’ म्हणजे ‘जे’ अशा जोड्या लिहून ठेवल्या, तर लेखन थांबवून आज्ञा देताना कळफलक बदलावा लागत नाही. परंतु कोलननंतर टंकायच्या आज्ञांना त्या जोड्या लागू होत नाहीत, तेथे इंग्रजी कळफलकावर यावेच लागते.